नमुना क्रमांक नऊ

काजूची टरफलं जांबोटीहून येतात
खताच्या जुन्या पोत्यात, बसच्या शेवटच्या सीटखाली.
कंडक्टर पोत्याचंही अर्धं तिकीट फाडतो,
आणि बेळगाव येईस्तोवर त्याच्याकडे संशयानं बघतो.

आई काजू फोडते. चौदा वर्षं.
राख फासून बसते, तरी चीक लागतोच,
कातडी सोलते, खाली नवी येते, तीही सोलते.
रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही.
दुकानदार म्हणतो, इन्नोम्मे.
ती पदराला पुसते, दाबते.
इन्नोम्मे.

त्याच चिकातून मी फिनॉल काढते,
शिजवून, गाळून, पुन्हा शिजवून
दोन हातांचा एक रेणू करते.
समोर एरंडेलातून आलेलं आम्ल,
दोन्ही टोकांना क्लोरीन बांधलेलं,
बूच काढलं की डोळ्यांत पाणी.

पहिला पाण्यात विरघळतो, वर राहतो.
दुसरं जड द्रावकात, खाली.
मध्ये एक रेघ, काचेतून दिसणारी,
आणि नुसतं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत
भांडण नाही, बोलणंही नाही.

मग चिमूटभर मीठ.
भाजीतलं नव्हे. मध्ये नायट्रोजन,
चारी अंगांना तेलकट शेपट्या,
पाण्यालाही ते आपलं वाटतं, तेलालाही.
वरच्या फिनॉलला बखोटीला धरून खाली नेतं,
जोडून देतं,
येताना क्लोराइड उचलून आणतं.
एकही खेप रिकामी नाही.
साखळी वाढते, ढवळणी जड होते,
आणि शेवटी धुताना ते मीठ पाण्याबरोबर निघून जातं.
झालेल्या मालात त्याचा कण सापडला
तर तो दोष धरतात.

सेमिनारमध्ये मॅडम म्हणाल्या,
हे तर आपल्या बेळगावसारखंच की!
सगळे हसले.
मी नाही हसले, कारण मागे इनासमामा फ्लास्क धूत होता.
घरी कोकणी, स्टोअरकीपरशी कन्नड,
आमच्याशी मराठी, फुटक्या काचेशी शिव्या.
अकरा वर्षं झाली,
हजेरीपत्रकात अजून 'तात्पुरता'.

मिथेनॉलमध्ये ओतलं की पांढऱ्या शेवया सुटतात.
त्या वाळवून, वितळवून पातळ पापुद्रा केला,
आणि रविवारी घरी नेला, नियमात नसताना.
"काय करूलालीस गं एवढं, चार वर्षं?"
मी सांगायला लागले. थर, रेघ, मीठ.
आई म्हणाली, "एरंडाचं गुऱ्हाळ लावलंस की."
मग मी एवढी हसले की सांगताच येईना
तिचं शब्दशः बरोबर आहे ते.

तिनं पापुद्रा उजेडाकडे धरला.
बोटांच्या उबेनं तो मऊ पडला होता.
अंगठ्याखाली एक ठसा उमटला,
पुसट, दोन-तीन वळणांचा, पण ठसा.
"किती वर्षं टिकंल?"
टिकू नये म्हणून तर करतोय.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग स्वतःची काळी नखं बघत म्हणाली,
"ह्याचं पण काय तरी शोधा."

बारा तुकडे पुरले:
सहा जांबोटीच्या तांबड्या मातीत,
सहा बैलहोंगलच्या काळ्या.
ठशाचा तुकडा नववा, काळ्या मातीत.
दर पंधरवड्याला काढायचा, धुवायचा, तोलायचा.
आधी कडा गेल्या. मग भोकं पडली.
ठसा कधी गेला ते मी टिपलं नाही,
तो रकानाच नव्हता.
सातव्या महिन्यात चाळणीवर फक्त
लेबल बांधलेला दोरा.
वहीत लिहिलं: नमुना ९, पूर्ण ऱ्हास.
उरलेली माती इनासमामानं न विचारता
कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली.

या महिन्यात तांदूळ आणायला मी गेले.
मी हातमोजे घालून काम करते.
माझा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला.